पुजलेल्या मशीनला हात लावत नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, रक्तदाब मोजायची. पुस्तकात माझं नाव लांबलचक आहे, पण घाटकोपरच्या टेकडीवर त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. तिथं मी 'प्रेशरची मशीन'. माझ्या पांढऱ्या अंगावर, काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल डाग आहे. पुष्कळांना तो शाईचा वाटतो, पण तो कुंकवाचा आहे. पुसून पुसून फिका झाला तरी गेला नाही, आणि खरं सांगू का, तो जाऊ नये असंच मला वाटतं. त्या डागाची हकिगत सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. एरवी मला तोंड नाही. मला फक्त आकडे येतात, आणि तेसुद्धा कुणी माझा पट्टा दंडाला बांधून बटण दाबलं तरच.

काळजी करण्याचा स्वभाव मी जन्मापासून घेऊन आले. कारखान्यात आम्हा मशिनींना टेबलावर रांगेत बसवून तपासलं जायचं. बाकीच्या बहिणी गुमान आपला आकडा दाखवून खोक्यात जाऊन बसायच्या. मी मात्र आकडा दाखवून झाल्यावरही मनात घोळवत राहायचे, की हा बरोबर आला ना, कुणाला कमीजास्त सांगितलं नाही ना? तपासणाऱ्या बाईनं माझ्यावर 'ठीक' अशी पट्टी चिकटवली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तिथून मी टेकडीच्या पायथ्याच्या दवाखान्यात आले. तिथल्या गंधाली डॉक्टरांनी मला शीतलच्या हाती दिलं. शीतल आरोग्य स्वयंसेविका. म्हणजे दवाखाना ज्यांच्यापर्यंत पोचत नाही त्यांच्या दारात स्वतः जाऊन उभी राहणारी बाई. कुणाला ताप आहे, कुणाच्या बाळाचं लसीकरण राहिलं आहे, कुणाच्या प्रेशरच्या गोळ्या संपल्या आहेत, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कडेला चेन असलेल्या निळ्या पिशवीत मला घालून ती दर गुरुवारी टेकडी चढायची.

टेकडीवरची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी आहेत. एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. बहुतेक मंडळी कोकणातली, आजे-पणजे गिरणीत लागले तेव्हा आलेली. आता गिरण्या नाहीत. कुणी रिक्षा चालवतं, कुणी लिफ्टचं काम करतं, बायका खालच्या इमारतींत स्वयंपाकाला जातात. शीतल दारात बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि तिचा ठरलेला पाढा सुरू व्हायचा. "चहा आत्ताच प्यायलात का? मग थोडं थांबू. पाठ टेकून बसा. पाय जमिनीला लावा, लोंबकळू देऊ नका. आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही."

मित्रांनो, आमच्या टेकडीवर न बोलणं हे निर्जळी एकादशीपेक्षा कठीण व्रत आहे. माझा पंप सुरू झाला रे झाला की कुणाला तरी गॅसवरचं दूध आठवायचंच. तरी मी माझं काम नेटानं करत आले. मात्र एक गोष्ट मला लवकर कळली. आकडा चांगला आला की माणूस चांगला ठरतो, आणि वाईट आला की मशीन वाईट ठरते. "ही सरकारी मशीन आहे ना, म्हणून जास्त दाखवते," असं मी कितीदा ऐकलं असेल! वाईट वाटायचं. पण त्याहून जास्त धास्ती वाटायची, कारण मला खोटी ठरवून तो माणूस उठून कामाला निघून जायचा.

संध्याकाळी शीतल मला घरी नेत नसे. ती राहायची लांब, आणि पिशवी जड. टेकडीच्या मध्यावर रत्नप्रभाकाकूंचं घर आहे, तिथं ती पिशवी ठेवायची. रत्नप्रभाकाकू कणकवलीकडच्या. साठीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या, चालताना धाप लागली की कंबरेवर हात ठेवून "काय नाय, वारा खातंय," म्हणणाऱ्या. त्यांचे यजमान बाळाकाका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा राजेश मंडप-डेकोरेशनच्या कामावर, सून दीप्ती विक्रोळीच्या एका ऑफिसात. काकूंनी मला देवांच्या शेजारच्या फळीवर जागा दिली होती. "दुसऱ्याची वस्तू हा, कोणी हात लावूचो नाय," असा त्यांचा घरात दंडक होता. पिशवीची चेन अर्धी मोडलेली होती, त्यामुळे फटीतून मला सगळं घर दिसायचं.

आणि तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला.

काकूंचं प्रेशर पहिल्यांदा मीच पकडलं होतं. गंधाली डॉक्टरांनी त्यांना आधी दोन गोळ्या सुरू केल्या, मग तिसरी, अगदी छोटी. "ही लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढते, सकाळी घ्या," असं डॉक्टर म्हणाल्या. काकूंनी मान डोलावली. टेकडीवर उंदरांचा सुळसुळाट. कागद असो की पाकीट, रात्रीत कुरतडून टाकतात. म्हणून काकूंनी आल्या आल्या सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोलून एका सुपारीच्या डबीत भरल्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही गोल. रिकामी पाकिटं मात्र त्यांनी रबर लावून नीट जपून ठेवली. शीतल दर महिन्याला ती बघायला मागायची ना!

काकू पायथ्याशी तीन घरी पोळ्या लाटायला जायच्या. स्वच्छ, गार लाद्यांची घरं. तिथं त्यांना चहा मिळायचा, दिवाळीला साडी मिळायची, पण बाथरूमचं दार त्यांच्यासाठी नव्हतं. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, तर खाली वॉचमनचा संडास दाखवण्यात आला. त्याला आतून कडी नव्हती. तेव्हापासून काकू सकाळी निघायच्या त्या दुपारी घरी येईपर्यंत तशाच. ती छोटी गोळी सुरू झाल्यावर हे जमेना. एका सकाळी त्या अर्ध्या पोळ्या टाकून, घामाघूम होऊन टेकडी चढून आल्या आणि थेट मोरीत शिरल्या. बाहेर आल्यावर उंबऱ्यावर बसून रडल्या. घरात कुणी नव्हतं, फक्त मी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी उघडली, गोळ्या तळहातावर घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या. पाण्याची गोळी कोणती हे त्यांना ओळखता येईना. थोडा वेळ विचार केला आणि सगळ्याच परत डबीत टाकल्या. मी फळीवरून ओरडत होते, मित्रांनो. पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

तुम्ही म्हणाल, मग पुढच्या तपासणीत चोरी पकडली गेली असेल. तिथंच तर खरी मेख होती. काकूंचं माप महिन्याच्या पहिल्या गुरुवारी घेतलं जायचं. तो गुरुवार जवळ आला की आठवडाभर आधी काकू गोळ्या घ्यायला लागायच्या, अगदी नियमानं. त्या आठवड्यात पाणी बेतानं प्यायच्या, कामावर उशिरा जायच्या, जेवणात पापड-लोणच्याला हात लावायच्या नाहीत. वर्षभर उनाडून परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारी मुलं असतात ना, तसं. गुरुवारी शीतल माझा पट्टा बांधायची, मी मोजायचे, आणि आकडा यायचा चांगला. खराखुरा चांगला! मी काही खोटं बोलत नव्हते. पण माझ्या खऱ्या आकड्यावर सगळे खोटा विश्वास ठेवत होते, आणि हे मला एकटीला माहीत होतं.

एका गुरुवारी शीतल उड्या मारतच आली. "काकू, ऐका ना! आज दवाखान्याच्या मीटिंगमध्ये गंधाली मॅडमनी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, शीतलच्या रत्नप्रभाबाई बघा, किती रेग्युलर आहेत. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, यार!" तिनं पिशवीतून खारी बिस्किटांचा पुडा काढून काकूंच्या हातात दिला.

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. मग हसून म्हणाल्या, "बरा झाला गो."

ती गेल्यावर दीप्ती ऑफिसातून आली. सासूबाई गप्पगप्प का, म्हणून तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, "काय नाय गो. ती पोर आमच्यासाठी उन्हातान्हात धावता. तिचा नाव खराब होऊक नको, इतक्याच माझ्या मनात असता." दीप्तीला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. आता काकू खरं कधीच सांगणार नव्हत्या. आधी नुसती लाज होती, तिला आता माया येऊन मिळाली होती.

सुपारीची डबी भरून गेली. काकूंनी गोळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतल्या आणि बरणी तांदळाच्या डब्यामागे सरकवली. महिन्यामागून महिने बरणीतली पांढरी रेघ वर चढत होती. डॉक्टर माझ्या काचेवरचे आकडे ऐकून निर्धास्त होत्या. मी त्या बरणीची काच बघून झुरत होते. काकू टेकडी चढून आल्या की त्यांच्या श्वासाचा आवाज मला फळीवर ऐकू यायचा. कधी त्या मान दाबत बसायच्या. कधी डोळ्यांसमोर काजवे आले म्हणायच्या. मी मनातल्या मनात म्हणायचे, कुणीतरी आज मला खाली काढा हो. गुरुवार नसलेल्या एखाद्या दिवशी, एकदाच!

पण दंडक म्हणजे दंडक. मला कुणी हात लावला नाही.

असा दसरा आला.

दसऱ्याला घरोघरी हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीत आहेच. ज्याच्या जिवावर पोट चालतं त्या वस्तूला त्या दिवशी हळदकुंकू वाहायचं, फूल वाहायचं. काकूंनी सकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. पाटावर बाळाकाकांचे नटबोल्ट आवळायचे जुने पाने ठेवले, राजेशचा हातोडा, दीप्तीचा लॅपटॉप, त्यांचं स्वतःचं पोळपाट-लाटणं. मग थांबल्या, फळीकडे पाहिलं आणि मला पिशवीतून बाहेर काढलं.

"हिच्या जिवावर शीतलचा पोट चालता. ती आज तिच्या घरी असतली. हिची पूजा कोण करतला? आमीच करूक होई," असं म्हणून त्यांनी मला लाटण्याशेजारी ठेवलं. काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं, झेंडूची माळ घातली आणि मला हात जोडले.

मित्रांनो, इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. ज्या टेकडीनं मला खोटारडी, बिघडलेली, सरकारी म्हटलं, तिथं एका बाईनं मला देवाच्या पाटावर बसवलं. मी भारावून गेले. पण नमस्कार करून उठताना काकूंनी भिंतीचा आधार घेतला, आणि माझा सगळा आनंद जागच्या जागी आटला.

दुपारी पुरी-श्रीखंडाचं जेवण झालं. काकूंनी दोन घासांत ताट बाजूला सारलं. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ते उन्हाचं वाटलं. दीप्ती मात्र दोनदा आत-बाहेर करून पाटासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मशीन लावून बघू का? नाहीतरी इथेच आहे."

"आज नाय गो. पुजलेली हा ती," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या.

"अहो, एक मिनिटाचं काम आहे."

बाळाकाका खुर्चीत ताठ बसले. "दीप्ती, पुजलेल्या वस्तूक आज हात लावूचो नाय. माझो बापूस गिरणीत दसऱ्याक साचो पुजायचो. दिवसभर साच्याक कोण शिवायचो नाय. उद्या सकाळी फूल काढूचा, मगे काय ता कर." साचा म्हणजे कापड विणायचा माग. काकांच्या वडिलांनी उभा जन्म त्याच्यासमोर काढला होता, आणि काकांनी त्यांच्याकडून घेतलेला वारसा म्हणजे हा एवढा नेम. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. श्रद्धेचा होता, आणि म्हणूनच तो मोडणं कठीण होतं.

मी पाटावर माळेखाली बसले होते. दंड माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्यात बॅटरी होती, पट्टा धड होता, बटण धड होतं. फक्त माझ्यावर कुंकू होतं.

दीप्तीनं मोबाइल काढला आणि शीतलला फोन लावला. शीतलच्या घरी पाहुण्यांचा गलका होता. "काकूंचं डोकं दुखतंय? अगं, पित्त झालं असेल. प्रेशरचं टेन्शन नको घेऊ, त्यांचं प्रेशर तर एकदम झकास असतं. पूर्ण टेकडीत त्यांच्याइतकं कंट्रोलमध्ये कुणाचंच नाही. लिंबूपाणी दे, आणि जास्त वाटलं तर परत फोन कर, मी येते."

दीप्तीनं लिंबूपाणी केलं. त्यात मीठ घातलं, चांगलं चमचाभर. मी पाहत होते. माझे सगळे जुने चांगले आकडे, शीतलला मिळालेल्या टाळ्या, रबर लावून जपलेली रिकामी पाकिटं, सगळी मिळून त्या ग्लासात उतरल्यासारखी मला वाटली. काकूंनी ते पाणी घोट घोट संपवलं.

संध्याकाळी सोनं वाटायला माणसं येऊ लागली. काकू उठून बसल्या. सणाच्या दिवशी अंथरुणात पडून राहणं त्यांना अपशकुनाचं वाटत होतं. शेजारचे चंद्रप्रकाश दारात आले. त्यांनी काकांना आपट्याचं पान दिलं, मग काकूंना वाकून नमस्कार केला. "घ्या काकू, सोन्यासारख्या राहा."

काकूंनी त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि परत द्यायला स्वतःजवळचं पान उचललं. ते हातातून गळून पडलं. त्या हसल्या, वाकल्या, पुन्हा उचललं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांची बोटं पानापर्यंत पोचली, पण मिटेनात. काकू आपल्या उजव्या हाताकडे अशा बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात असावा. "शो... शो..." त्या म्हणाल्या. 'सोनं' हा शब्द त्यांच्या तोंडून पुरा बाहेर पडेना.

दीप्तीनं पाटाकडे झेप घेतली. माळ तोडली, झेंडू घरभर उधळले. बाळाकाका "अगो, अगो!" म्हणत उठले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा पट्टा तिनं काकूंच्या दंडावर ओढून बांधला आणि कुंकवानं माखलेलं बटण दाबलं. मी जीव एकवटून पंप सुरू केला. पण सणाच्या ब्लाउजची बाही जाड, काठाची, घट्ट. पट्टा त्या बाहीवर बसलाच नाही. मी फुगले, घसरले, आणि माझ्या काचेवर आकड्याऐवजी माप चुकल्याची खूण उमटली.

"बघ," काका म्हणाले. "पुजलेली मशीन चलाची नाय."

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी सांगू शकत नाही. आता दीप्ती मला खाली ठेवेल, उद्या सकाळी फूल काढू म्हणेल, आणि त्या सकाळपर्यंत काकू असतील की नाही कोण जाणे!

दीप्तीनं मला खाली ठेवलं नाही. तिनं कात्री घेतली आणि ती नवी बाही खांद्यापासून फाडली. "बाबा, आईंना पाठीमागून धरा. हात खाली आधाराला घ्या. आणि कुणी बोलू नका." शीतलचा पाढा टेकडीवर लहानथोरांना पाठ होता, तसा तिलाही. मी पुन्हा फुगले. या वेळी दंड नीट हाताशी आला. आत रक्त असं धडका मारत होतं, की मला वाटलं माझाच पट्टा फाटेल. मी मोजलं, पुन्हा मनात घोळवलं नाही, आणि लालभडक कुंकवाच्या आडून आकडा दाखवला. दोनशे अठरा, खाली एकशे चोवीस.

काकांना मशिनी कळत होत्या. आयुष्यभर त्यांनी दाब दाखवणारे काटे बघितले होते, आणि काटा लाल रेषेपार गेला की काय होतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते काही क्षण आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची ओढली. "चंद्रप्रकाश, पाय धर. उचल रे, उचल!"

काकूंना खुर्चीत बसवून माणसांनी पायऱ्या उतरवल्या. दीप्ती पुढं धावत होती, मला छातीशी धरून. खाली रिक्षा मिळाली. रुग्णालयात दीप्तीनं डॉक्टरांना आधी माझा आकडा सांगितला आणि मग हाताला केव्हा काय झालं ते. ते लगेच काकूंना आत घेऊन गेले. राजेश कामावरून तसाच धावत आला. शीतलही आली, सणाच्या साडीत, केसांतला गजरा अर्धा सुटलेला. "असं कसं झालं? असं कसं?" एवढंच ती म्हणत होती.

वेळेवर आणलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात मात्र लुळा पडला होता, आणि जीभ जड.

दोन दिवसांनी दीप्ती तांदूळ काढायला गेली आणि तिच्या हाताला ती बरणी लागली. तिनं ती शीतलला दाखवली. शीतल बरणी मांडीवर घेऊन आमच्या दारात बसली आणि हुंदके देऊन रडली. तिची चूक नव्हती, तरी रडली. काकूंनी हे तिचं नाव राखायला लपवलं, हे दीप्तीच्या बोलण्यावरून तिला कळलं होतं. मग डोळे पुसून ती गंधाली डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. मीटिंगमध्ये मिळालेल्या टाळ्यांचं तिला काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

काकू घरी आल्यावर डॉक्टर स्वतः टेकडी चढून आल्या. धापा टाकत उंबऱ्यावरच बसल्या. "काकू, त्रास होत होता तर मला सांगायचं ना. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते."

काकूंची जीभ अजून अडखळत होती. "बाईमाणसान... डॉक्टराक काय सांगायचा? की कामावर... मुतूक जागा नाय, म्हणून गोळी खाणय नाय?"

गंधाली डॉक्टरांनी काकूंचा लुळा हात आपल्या हातात घेतला. "हेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "आणि मीही हेच विचारायला हवं होतं." त्यांनी ती छोटी गोळी बंद केली, तिच्या जागी दुसरी दिली, आणि गोळ्या पाकिटातच राहतील असं काकांना बजावलं. तेव्हापासून शीतलनं गुरुवारचा नेम मोडला. आता ती कोणत्याही दिवशी येते, आणि आकडा बघायच्या आधी प्रत्येकीला विचारते, "गोळीनं काय त्रास होतो? लाजू नका गं, मीपण बाईच आहे."

मला मात्र तो दंडक विसरता येत नव्हता. वर्ष सरत आलं तशी माझी काळजी पुन्हा वाढू लागली. दसरा जवळ येत होता. पाट मांडला जाणार, मला माळ घातली जाणार, आणि पुन्हा दिवसभर मी दंडापासून हातभर अंतरावर, मुकी.

दसरा उजाडला. काकूंनी डाव्या हातानं रांगोळी काढली, वाकडीतिकडी. पाटावर पाने आले, हातोडा आला, लॅपटॉप आला. लाटणं या वर्षी दीप्तीनं ठेवलं. काकूंनी मला मध्ये बसवून डाव्या हाताच्या बोटानं कुंकू लावलं, जिथं आधीचा डाग होता बरोबर तिथंच. माळ घातली. सगळ्यांनी हात जोडले. मग दीप्ती सासऱ्यांकडे बघू लागली.

बाळाकाका पुढे आले. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं माझं बटण तेवढं पुसलं. काचेवरचं कुंकू राहू दिलं. मग गळ्यातल्या माळेसकट मला उचललं. "बापूस साचो पुजायचो," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "पण साचो बंद रवलो तर कापड कमी व्हायचा. माणूस कमी व्हायचो नाय." त्यांनी काकूंचा दंड मोकळा केला, पट्टा बांधला. "पाय खाली ठेव. आणि बोलू नको."

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात, फळीवर, देवाशेजारी माझी एखादी बहीण असेल. तिला जपा, पण जपून ठेवू नका. तिला मान द्यायचा असेल तर दंड द्या, आणि सणवार बघू नका. तिला खूश करायला आठवडाभर आधी गोळ्या घेऊ नका. तिला खूश होताच येत नाही, तिला फक्त खरं सांगता येतं. आणि गोळीनं त्रास झाला तर ती बरणीत लपवू नका, बोला. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

त्या दिवशी मी काकूंचा आकडा सांगितला. एकशे अडतीस, खाली शहाऐंशी. टाळ्या पडाव्यात असा काही तो नव्हता. पण तो रोजचा होता, ठरवून आणलेला नव्हता. काकांनी पट्टा सोडला, मला पुन्हा पाटावर ठेवलं आणि खिशातून आपट्याचं पान काढलं. ते त्यांनी डाव्या हाताकडे नेलं नाही. काकूंच्या उजव्या तळव्यावर ठेवलं आणि वाट बघत उभे राहिले. काकूंची बोटं थरथरली. मग एक वळलं, मागाहून दुसरं. हळूहळू मूठ मिटली, आणि पान खाली पडलं नाही.